दगडाखालचीं शिंपलीं

ओहोटी लागली म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर मोठमोठे दगड उघडे पडतात. त्यांतला एखादा उलथून पाहावा, तों खालच्या ओलसर अंगास वाटाण्याएवढा गोलसर, पांढुरका शिंपला रेशमासारख्या तंतूंनीं चिकटून बसलेला आढळतो. खडकांच्या फटींत याहूनहि बारीक, दोनतीन मिलिमीटरांचा, तांबूस रंगाचा दुसरा एक शिंपला असतो. या दोहोंस शास्त्रीय नांवें मिळालीं तीं १८०३ सालीं, जॉर्ज माँटेग्यू याच्या 'टेस्टेशिया ब्रिटानिका' या ग्रंथांत.

माँटेग्यू (१७५३–१८१५) हा कांहीं विद्यापीठांतला पंडित नव्हे. तो पेशानें शिपाईगडी; विल्टशरच्या मिलिशियांत लेफ्टनंट-कर्नलच्या हुद्द्यास चढलेला. पत्नीस सोडून तो एलायझा डॉरव्हिल या विवाहित स्त्रीसह डेव्हनमधील किंग्जब्रिज येथें राहूं लागला. १७९९ मध्यें लष्करी न्यायालयानें त्यास पदावरून दूर केलें. घराण्याचा जमीनजुमलाहि त्याच्या हातीं लागला नाहीं. हुद्दा गेला, प्रतिष्ठा गेली. हाताशीं राहिला तो समुद्रकिनारा. ग्रंथांतील चित्रें एलायझानेंच काढिलीं. ज्या बाईकडे समाजानें पाठ फिरविली, तिच्या रेषांवांचून एवढेसे शिंपले नुसत्या वर्णनावरून ओळखणें दुरापास्तच होतें. (हिवाळ्यांत दख्खनच्या माळांवर उतरणारा माँटेग्यूचा भोवत्या हा शिकारी पक्षी याच गृहस्थाच्या नांवाचा.)

वर्गीकरणांत मात्र तो चुकला. पांढुरक्या शिंपल्यास त्यानें 'माया' (Mya) या गणांत घातलें, तांबड्यास भलत्याच गणांत. पुढें १८२२ मध्यें टर्टन यानें पहिल्यासाठीं 'केलिया' व १८२७ मध्यें ब्राउन यानें दुसऱ्यासाठीं 'लासिया' हे गण निर्माण केले. माँटेग्यू तोंवर हयात नव्हता. १८१५ सालीं पायांत गंजलेला खिळा शिरून धनुर्वातानें त्याचा अंत झाला होता.

खरें नवल तांबड्या शिंपल्याचें. बहुतेक शिंपल्यांचीं पिलें प्रथम पाण्यांत तरंगत दूरदूर पांगतात. हा मात्र अंडीं आपल्याच शिंपांत सांभाळतो, आणि पिलूं बाहेर पडतें तें इवल्याशा पुऱ्या शिंपल्याच्या रूपानें, सरपटत. असें असूनहि या गणाचे शिंपले जगांतील दूरदूरच्या बेटांवर सांपडतात! तरंगत्या समुद्रशेवाळास तंतूंनीं चिकटून त्यांनीं हा प्रवास केला असावा. शिवाय विसाव्या शतकाच्या अखेरीस असेंहि दिसून आलें कीं, या गणांतील अनेक वंशांचें प्रजनन नरमादीच्या संयोगावांचूनच चालतें. म्हणजे शेवाळावर बसून एकटाच एक शिंपला किनाऱ्यास लागला, तरी तेथें वसाहत उभी राहूं शकते.