बोरीबंदरसमोरची पालिका

बोरीबंदरच्या भुयारी मार्गातून वर आलात की क्षणभर थांबा आणि मान वर करा. दोन रस्त्यांच्या बेचक्यातली ती दगडी इमारत, तिचा उंच मनोरा, त्यावरचा घुमट. मुंबई महानगरपालिकेचं हे मुख्यालय. नळाच्या पाण्यापासून जन्मदाखल्यापर्यंत मुंबईकराचं आयुष्य या घराशी बांधलेलं आहे.

या घराची कुळी दगडाहून जुनी आहे. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड शहराचे आयुक्त झाले. त्यांनी कामं धडाक्यात केली, पण खर्च इतका वाढला की १८७१ मध्ये करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा मांडलं की दोष एका माणसाचा नाही, लोकांनी निवडलेले प्रतिनिधी नसण्याचा आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका आली. त्यातले ३२ करदात्यांनी निवडलेले. म्हणजे अर्धेच, पण पाया तिथे पडला.

इमारतीचा पाया ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते घातला गेला. स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव त्यांचाच, आणि व्हाइसरॉय म्हणून त्यांचे हे अखेरचे दिवस होते. मला हा योग फार मोलाचा वाटतो.

मद्रासचे वास्तुकार चिझम यांचा आराखडा मागे पडला आणि काम फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्याकडे आलं. समोरचं रेल्वे स्थानकही त्यांचंच. इथे मात्र त्यांनी व्हेनिसच्या धाटणीच्या टोकदार कमानींना हिंदुस्थानी घुमटांची जोड दिली. दर्शनी भागावर माथ्याशी पंख पसरलेली एक मूर्ती आहे. ती म्हणजे हिंदुस्थानातली पहिली नगरी, मुंबई. १८९३ साली काम पुरं झालं, तेही मंजूर रकमेच्या आत! सार्वजनिक कामात एवढा काटेकोरपणा आजही शिकण्यासारखा आहे.

पालिकेच्या प्रमुखाला १९३१ पर्यंत अध्यक्ष म्हणत, मग ‘मेयर’ आला. त्याला ‘महापौर’ हा आपला शब्द सावरकरांनी दिला.

दारासमोर फिरोजशहांचा पुतळा आहे. त्यांनी मागितलेला हक्क त्यांच्या हयातीत करदात्यांपुरताच राहिला. १९४८ मध्ये प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली, तेव्हा कुठे चाळीतल्या गिरणी कामगारालाही या सभागृहात आपला माणूस धाडता आला.