नंबर टाकलेली औषधांची पेटी

टेलिमेडिसिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोबाईलचा पडदा येतो. मी सध्या जे वाचतेय त्यात पडदा नाहीच, आहे ती तारयंत्राची कटकट.

१९१७. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हॉल्स क्रीक. जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला, मूत्राशयाला इजा झाली. डॉक्टर पर्थला, सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे २,००० किलोमीटरवर. तिथून डॉ. हॉलंड तारेने सूचना पाठवत गेले आणि गावचे पोस्टमास्तर टकेट यांनी साध्या चाकूने, भूल न देता शस्त्रक्रिया केली. ती जमलीही! पण डार्सीला मलेरियाही होता, आणि तो तारेवरून दिसणार कसा? हॉलंड बोटीने, मग मोटारीने, मजल दरमजल करत पोचले. रुग्ण आदल्या दिवशीच गेला होता.

हा किस्सा तारयंत्राची करामत म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. टकेट प्रथमोपचार शिकले होते, तेही याच हॉलंडकडून. तारेच्या अलीकडच्या टोकालाही थोडं ज्ञान होतं.

पुढे जॉन फ्लिन या पाद्र्याच्या खटपटीने १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरीहून विमानाने डॉक्टर जाऊ लागला. पण त्याला बोलवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगरने पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला. १९२९ पासून तो दूरच्या गुरांच्या वाड्यांवर पोचू लागला. आधी त्यावर मोर्सच चाले. ते शिकायचा लोकांना कंटाळा, म्हणून ट्रेगरने टाइपरायटरसारखा कीबोर्ड जोडला: अक्षर दाबा, मोर्स आपोआप जाईल. बोलण्याची सोय नंतर झाली. (तुमचं दुखणं अख्खा टापू ऐकायचा, हे वेगळं.)

तरी अडचण उरलीच. डॉक्टरने औषध सांगितलं, पण घरात ते हवं ना? त्यावर १९४२ पासून वाड्यांवर औषधांच्या पेट्या ठेवू लागले. प्रत्येक औषधावर नंबर. मग डॉक्टरने रेडिओवर अमुक नंबरची गोळी द्या म्हटलं की पुरे. औषधाचं अवघड नाव खरखरीत ऐकू येवो न येवो, आकडा कळायचा. विमान पाठवायचं की गोळीवर भागेल, हेही बोलूनच ठरायचं.

टेलिमेडिसिनच्या इतिहासात रेडिओवर पानंच्या पानं सापडतात. पेटीला मात्र बहुतेक ठिकाणी एखादा परिच्छेद मिळतो.