रोलरचा वनवास

शाळेत असताना सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आठ-दहा मुले मिळून खेळपट्टीवर लोखंडी रोलर ओढत असू. माती जितकी दाबावी तितकी खेळपट्टी चांगली, हे गणित तेव्हाच डोक्यात पक्के बसले. पुढे गोल्फचा इतिहास वाचू लागलो. ज्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायचा, त्या ‘ग्रीन’वरून हाच रोलर कित्येक दशके हद्दपार झाला होता, हे वाचून नवल वाटले. तो का गेला आणि का परतला, याचे उत्तर शोधताना मी रोलर सोडून त्याच्याखालच्या मातीपाशी पोचलो.

गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत. तिथे पाणी साचत नाही आणि मुळांना हवा मिळते. सेंट अँड्र्यूजचे टॉम मॉरिस (1821–1908) ग्रीनवर मुद्दाम वाळू पसरत. एकदा वाळूची ढकलगाडी चुकून ग्रीनवर उलटली आणि तिथले गवत तरारून आले, त्यातून त्यांना ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ अमेरिकेत रुजला. किनाऱ्यापासून दूर, जिथे जी माती मिळेल तिचीच ग्रीन बनू लागली. अनेक ठिकाणी ती चिकणमाती होती. तिच्यावर जड रोलर फिरला की पृष्ठभाग सपाट होई, पण आतली पोकळी मिटे. पाणी मुरेना, मुळे खोल जाईनात. क्रिकेटच्या खेळपट्टीला असे घट्ट होणे मानवते, कारण तिथे चेंडू उसळायला हवा असतो. ग्रीनवर मात्र गवत बारा महिने जगवायचे असते. हळूहळू जाणकारांनी रोलरला दोषी ठरवले आणि तो कोठारात गेला.

चेंडू वेगाने घरंगळावा ही हौस मात्र कोठारात गेली नाही. 1935च्या अमेरिकन ओपनमध्ये, ओकमाँटच्या मैदानावर, जीन साराझेन यांचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत थेट वाळूच्या खड्ड्यात गेला. प्रेक्षकांत असलेल्या एडवर्ड स्टिम्पसन यांना वाटले, हा वेग मोजता यायला हवा. त्यांनी खाचेची एक लाकडी पट्टी बनवली. पट्टी तिरपी उचलली की चेंडू सुटतो. तो सपाट ग्रीनवर किती फूट जातो, तो त्या ग्रीनचा वेग. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने 1970च्या दशकात तिची ॲल्युमिनियमची सुधारित आवृत्ती काढली. तेव्हाच्या पाहणीत अमेरिकेतील ग्रीनची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास भरली. आज मोठ्या स्पर्धांत बारा फूटही विशेष वाटत नाहीत.

मोजता येऊ लागले तशी चढाओढ लागली. वेग वाढवायचा सोपा उपाय म्हणजे गवत आणखी आखूड कापणे. एके काळी सहा मिलिमीटर असलेली उंची तीन मिलिमीटरपर्यंत आली. पान आखूड झाले की अन्न कमी तयार होते, मुळे उथळ राहतात आणि रोग लवकर शिरतो. वेगाच्या हौसेची किंमत गवत मोजू लागले.

दरम्यान खालची माती बदलत होती. त्याच संघटनेने 1960 साली ग्रीन बांधण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली होती: खाली निचऱ्याचे नळ, त्यावर खडीचा थर आणि वर सुमारे 30 सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण. किनाऱ्याने मुळात दिलेली जमीन माणसाने पुन्हा घडवली. अशी वाळू सहजासहजी घट्ट होत नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून हलके रोलर या ग्रीनवर दिसू लागले.

मिशिगन स्टेट विद्यापीठात थॉमस निकोलाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात हा प्रश्न प्रयोगाला लावला. रोलर फिरवल्यावर चेंडू त्या दिवशी साधारण फूटभर जास्त जातो आणि त्याचा थोडा परिणाम दुसऱ्या दिवशीही टिकतो. त्याहून अनपेक्षित म्हणजे, नियमित रोलर फिरलेल्या तुकड्यांवर डॉलर स्पॉट हा बुरशीचा रोग कमी आढळला. याच विद्यापीठातल्या आणखी एका चाचणीत सामान्य खेळाडूंना वेगातला सहा इंचांचा फरक ओळखताच आला नाही!

अर्थात रोलर म्हणजे रामबाण नव्हे. रोजच्या रोज फिरवला तर गवत झिजते. विशेषतः यंत्र जिथे वळते त्या कडेला. पण बेताने वापरला तर गवत थोडे उंच ठेवूनही वेग राखता येतो. ज्याला गवताचा वैरी म्हणून घालवले, तोच आज गवताला पात्याखालून थोडे वाचवतो आहे.

हे वाचल्यापासून शाळेतला तो रोलर मला वेगळा दिसतो. आमचे गणित चूक नव्हते. ते फक्त त्या मातीपुरते होते. अवजाराला दोष देण्याआधी पायाखालची माती उकरून पाहावी, एवढे गोल्फवाल्यांना कळायला काही दशके जावी लागली.