एका यमकाचे गाणे

जून १९४० मध्ये पराभूत फ्रेंच सैन्य लवार नदी ओलांडून दक्षिणेकडे हटत होते. त्या माघारीत वैद्यकीय तुकडीबरोबर असलेला कवी लुई आरागाँ आँजे शहराजवळच्या पों-द-से येथे नदीपार झाला. या अनुभवावरील कवितेला त्याने एकाक्षरी शीर्षक दिले. रोमन लिपीतल्या त्या तिसऱ्या अक्षराचा फ्रेंच उच्चार 'से' असा आहे. गावाच्या नावाचा शेवटही तोच, आणि कवितेच्या अठराही ओळी त्याच ध्वनीवर संपतात. १९४२ मध्ये स्वित्झर्लंडमधील नशातेल येथून निघालेल्या 'एल्साचे डोळे' या संग्रहात ती समाविष्ट झाली.

अतियथार्थवादी चळवळीतून आलेल्या कवीने असे जुने वळण का पत्करावे? उत्तर त्याच्या १९४१ मधील एका निबंधात सापडते. बाराव्या शतकातील आर्नो दानिएलच्या 'बंदिस्त' काव्यरीतीविषयी तो तिथे लिहितो. सरदाराच्या देखत त्याच्याच पत्नीवरचे प्रेम गावे आणि ते त्याला उमगू नये, अशी ती रीत. आरागाँच्या कवितेतही आधी जखमी योद्धा, वेडा उमराव, खंदकातले हंस येतात. मग त्याच लयीत उलटलेल्या मोटारी आणि निकामी शस्त्रे येतात. यमक बदलत नाही, काळ मात्र बदललेला असतो.

फ्रान्सिस पूलँकने १९४३ मध्ये ही कविता कंठ आणि पियानो यांसाठी स्वरबद्ध केली. आपण ज्याला साथ म्हणतो त्या अर्थाने इथे पियानो साथीला नाही. अर्थ लावण्यात त्याचा वाटा गायकाइतकाच आहे. प्रारंभी पियानोवर सुरांची एकटी ओळ येते, मग कंठ तीच वाट धरतो. अखेरीस कवी देशाला 'टाकून दिलेली' म्हणून हाक मारतो. रणगीताची सवय असलेला श्रोता इथे गर्जनेची अपेक्षा करील. पूलँकचा स्वर उंच चढतो आणि तिथेच हलका होतो. नंतर कविता आपल्या पहिल्याच ओळीवर परतते.

डिसेंबर १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त पॅरिसमधील गावो सभागृहात, गायक पिएर बेर्नाक आणि स्वतः पूलँक यांनी हे गीत प्रथम सादर केले. जोडीला आरागाँचीच दुसरी कविता होती. तिच्यात व्याप्त शहराची विक्षिप्त दृश्ये अतिवेगवान, हलक्याफुलक्या चालीत धावतात. त्याच वर्षी पूलँकने पॉल एल्युआरच्या कवितांवर 'मानवी चेहरा' ही समूहगानरचना केली. ती प्रथम गायिली गेली ती १९४५ मध्ये, लंडनला. तिच्यातील शेवटच्या कवितेत स्वातंत्र्याचे नाव उघड होते.

म्हणून आरागाँच्या या गीताला केवळ 'प्रतिकारगीत' म्हणणे आम्हांला अपुरे वाटते. त्यात शत्रूचा उल्लेख नाही, आवाहन नाही. आहे ते एक गावाचे नाव आणि त्याचा न सुटणारा ध्वनी. १९४० ची ती माघार आठवणाऱ्या श्रोत्यांना तेवढे पुरेसे होते.