गाडीच्या ट्यूनिंगसाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर निवडताना...

नाशिक, प्रतिनिधी - सातपूरमध्ये महिंद्रचा वाहन कारखाना आणि डिझेल इंजेक्टरसाठी ओळखला जाणारा बॉशचा कारखाना, जोडीला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील असंख्य लहान कार्यशाळा, यांमुळे नाशिककरांचा इंजिनांशी जुनाच घरोबा आहे. बॉशचे पूर्वीचे नाव 'मायको' शहरातील एका चौकाच्या नावात आजही टिकून आहे. राष्ट्रीय रॅली मालिकेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र'मुळे मोटारक्रीडेचे वेडही येथे रुजले. जुनी जिप्सी, झेन किंवा एस्टीम हौसेने सांभाळणारे आणि तिचे इंजिन स्वतः ट्यून करणारे तरुण त्यातूनच तयार झाले. या छंदात कानाने आवाज ऐकून किंवा स्पार्क प्लगचा रंग पाहून मिश्रण ठरविण्याची पद्धत आता अपुरी पडू लागली आहे. त्याचे मोठे कारण पेट्रोलच बदलले, हे आहे.

इंधन बदलले, हिशेब बदलला

शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला मात्र ९ किलोच पुरते. देशात वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पोहोचले. या मिश्रणासाठी हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. म्हणजेच जुन्या पेट्रोलवर जेट बसविलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हेच इंधन भरले, तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. दुसरीकडे, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईच्या तुलनेत पाच-सहा टक्के विरळ असल्याने, मुंबईत जुळविलेला कार्ब्युरेटर कसारा घाट चढून आल्यावर तीन टक्क्यांच्या आसपास घट्ट मिश्रण देतो. हे दोन परिणाम परस्परविरुद्ध आहेत. एखाद्या विशिष्ट गाडीत शेवटी काय शिल्लक राहते, हे अंदाजाने सांगता येत नाही. ते मोजावेच लागते.

चूक महागात पडते. पूर्ण भाराखाली मिश्रण पातळ राहिल्यास इंजिन ठोके देऊ लागते आणि प्रसंगी पिस्टन वितळतो. घट्ट मिश्रणाने सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतले जाते, प्लग काळे पडतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याचा धोका असतो.

साधा सेन्सर का पुरत नाही?

एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये प्रथम व्होल्वो गाड्यांत दिला. झिर्कोनिया या सिरॅमिकपासून बनलेला हा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट दाब देतो. मिश्रण अचूक प्रमाणाच्या कोणत्या बाजूला आहे, एवढेच त्यावरून कळते. किती दूर आहे, ते नाही. गाडीच्या संगणकाला रोजच्या धावेसाठी तेवढे पुरते. मात्र पूर्ण भारावर ताकद काढण्यासाठी मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवावे लागते आणि तेथे हा सेन्सर निरुपयोगी ठरतो.

बॉशने १९९४ मध्ये आणलेल्या वाइडबँड सेन्सरमध्ये दुसरा कक्ष जोडलेला असतो. तो विद्युतप्रवाहाच्या साह्याने ऑक्सिजन आत किंवा बाहेर पंप करून मोजणीच्या पोकळीतील मिश्रण सतत अचूक ठेवतो. त्यासाठी किती प्रवाह लागला, यावरून खरे प्रमाण काढले जाते.

कोणता सेन्सर, कोणता नियंत्रक?

वाइडबँड सेन्सर एकटा काम करीत नाही. त्याचे तापमान सांभाळणारा आणि पंपाचा प्रवाह मोजणारा नियंत्रक लागतो. त्यामुळे खरेदी नेहमी जोडीचीच करावी. हौशी मंडळींत बॉशचे एलएसयू ४.२ आणि एलएसयू ४.९ हे दोन प्रकार अधिक आढळतात. ४.२ हा तुलनेसाठी बाहेरील स्वच्छ हवेवर अवलंबून असतो; ती हवा दूषित झाली, तर मोजणी सरकते. ४.९ आपला संदर्भ ऑक्सिजन स्वतः तयार करतो आणि ०.६५ लॅम्डापासून मोकळ्या हवेपर्यंत मोजू शकतो. नव्या खरेदीत तोच घेणे श्रेयस्कर. दोघांची विद्युतरचना वेगळी असल्याने एकाच्या नियंत्रकावर दुसरा लावू नये. बाजारात नकली मालही असतो, ४.९ चा प्रचलित क्रमांक ०२५८०१७०२५ आहे, तो सेन्सरवर आणि खोक्यावर ताडून पाहावा.

सेन्सरच्या प्लगमध्ये त्या विशिष्ट नगासाठी जुळविलेला रोधक बसविलेला असतो. तो प्लग कापून दुसरा जोडला, की मोजणी बिघडते. वायर लांबवायची असल्यास नियंत्रकासोबतची केबल वापरावी.

नियंत्रकांत इनोव्हेट आणि एईएम ही नावे परिचित आहेत. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शून्य ते पाच व्होल्टचे सरळ आउटपुट आहे का. मेगास्क्वर्टसारख्या स्वतंत्र संगणकाला ते लागते. दुसरी, नोंदी साठविण्याची सोय आहे का. धावत्या गाडीत डायलकडे पाहणे धोक्याचे असते. तिसरी, सेन्सर मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेट करावा लागतो का. काही नियंत्रकांना ते ठरावीक काळाने करावे लागते, काहींना लागत नाही. मूळ सेन्सर काढून त्या जागी वाइडबँड बसवायचा असेल, तर नियंत्रकाने साध्या सेन्सरसारखा संदेशही दिला पाहिजे.

वाचन लॅम्डात करावे

डायलवर दिसणारे हवा-इंधन प्रमाण सेन्सर थेट मोजत नाही. तो लॅम्डा मोजतो आणि नियंत्रक त्याला बहुधा १४.७ ने गुणतो. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलवरही अचूक मिश्रणाला डायल १४.७ च दाखवितो. आपले इंधन नवे म्हणून १३.५ चे लक्ष्य धरणारा हौशी ट्यूनर प्रत्यक्षात आठ टक्के घट्ट मिश्रण देत असतो. लॅम्डात वाचल्यास हा घोळ मिटतो. कोणत्याही इंधनाला १ म्हणजे अचूक. साध्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर ०.८५ ते ०.९० आणि टर्बो इंजिनाला त्याहून घट्ट मिश्रण लागते.

बसविताना

सेन्सरसाठी एक्झॉस्ट पाइपवर १८ मिलिमीटर व्यासाच्या, दीड मिलिमीटर पिचच्या आट्यांची बूश वेल्ड करावी लागते. लेथवर ती सहज बनते. जागा इंजिनापासून किमान दीड-दोन फूट दूर, कन्व्हर्टरच्या आधी आणि टर्बो असल्यास त्याच्या पुढे असावी. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपेक्षा दहा अंशांहून अधिक उभा असावा. अन्यथा साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा देते. ४.९ ला सतत ९३० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान सोसत नाही. विद्युतपुरवठा न देता तो चालू इंजिनाच्या पाइपमध्ये ठेवू नये. काजळीने तो निकामी होतो. शिसेयुक्त रेसिंग इंधन आणि सिलिकॉन सीलंटही त्याला मारक ठरतात.

सेन्सर ऑक्सिजन मोजतो, इंधन नव्हे. म्हणून पाइपला गळती असेल किंवा एखादा सिलिंडर पेट घेत नसेल, तर मिश्रण पातळ असल्याचा खोटा इशारा मिळतो. त्यावर विसंबून इंधन वाढविण्यापूर्वी गळती आणि प्लग तपासावेत.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेला विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीतील कन्व्हर्टर व मूळ सेन्सर काढू नयेत, पीयूसी प्रमाणपत्र वैध ठेवावे आणि काही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

थोडक्यात, एलएसयू ४.९, त्याला अनुरूप नियंत्रक, नोंदींची सोय आणि गळतीविरहित पाइप एवढी तयारी असल्याशिवाय जेटला किंवा मॅपला हात लावू नये.