गजाच्या केसांचा चुरा

पितळी तबकडीवर वाळू भुरभुरवायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. वाळू तडतडत सरकते आणि कंप नसलेल्या रेषांवर जमून नक्षी होते. अर्न्स्ट क्लाड्नीने १७८७ मध्ये हे छापले. त्याच्या आधी, १६८० मध्ये, रॉबर्ट हूकने काचेवर पीठ पसरून असाच प्रयोग केला होता. म्हणून हलत्या कणांच्या अभ्यासाचा मूळपुरुष कोणी हूकला मानतात, कोणी क्लाड्नीला.

पण या घराण्याचा खरा मूळपुरुष म्हणजे गजाच्या केसांचा चुरा.

क्लाड्नीच्या नजरेला एक विचित्र गोष्ट पडली होती. गजातून झडलेला बारीक चुरा वाळूच्या रेषांवर जातच नव्हता. तबकडी जिथे सर्वात जास्त थरथरे, नेमका तिथे गोळा होत होता. फ्रान्सच्या फेलिक्स सावारने याचे कारण तबकडीच्या आणखी एका, दुय्यम कंपनात शोधले. स्पष्टीकरण देखणे होते. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने ते मोडीत काढले. त्याने तबकडी हवा काढलेल्या भांड्यात ठेवली, आणि चुऱ्यासारखी हलकी पूड निमूटपणे वाळूसारखी रेषांवर गेली! मग त्याने उलटा प्रयोग केला: तबकडी पाण्यात बुडवली. आता जड वाळूच थरथरत्या जागी जमू लागली. म्हणजे चुरा ढकलत होती ती तबकडीवरची हवा. इथे नक्षी मागे पडली आणि कण का हलतात हा प्रश्न पुढे आला; कुळाची सुरुवात इथूनच धरायला हवी.

पुढचे टप्पे परिचित आहेत. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे वर, मीठ-साखर तळाला. १९८७ मध्ये संगणकावर याचे उत्तर निघाले: मोठ्या दाण्याखालच्या फटीत बारीक दाणे घुसतात. १९९३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दुसरे कारण दाखवले. भांड्याच्या मधून दाणे वर येतात, भिंतीलगतच्या अरुंद थरातून खाली उतरतात. मोठा दाणा वर पोचतो, पण त्या थरात मावत नाही.

हा प्रवाह आतून पाहायला १९९५ मध्ये त्यांनी चक्क खसखस एमआरआय यंत्रात घातली. खसखशीतल्या तेलामुळे यंत्राला ती दिसते.

त्याच वर्षी आणखी एका प्रयोगात, हलत्या भांड्यात दाण्यांचा जो उंचवटा तयार होतो, तो हवेचा दाब पुरेसा उतरवताच नाहीसा झाला. त्या उंचवट्याचे खापरही फॅरेडेने १८३१ मध्येच हवेवर फोडले होते.