जुन्या कॅमेरोला मागची रुंद चाके

१९६७ ते १९६९ या वर्षांतील शेव्हरोले कॅमेरोला काटेकोर अभ्यासक ‘पोनी कार’ म्हणतात. पण ज्या गाडीत ३९६ घन इंचांचे, ३७५ अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे, तिला मसल कार म्हणायला सहसा कोणी हरकत घेत नाही. टायर मात्र त्या शक्तीच्या मानाने अरुंद होते. १९६९च्या झेड/२८ प्रकाराची चाकेही १५ इंच व्यासाची आणि अवघी ७ इंच रुंद होती. त्यामुळे मागे रुंद चाके बसवण्याचा मोह जुना आहे, आणि मापे न घेता चाके मागवण्याची चूकही तितकीच जुनी.

टायरला आतून कमानपाटे अडवतात, बाहेरून मडगार्डची आत वळवलेली कड. जागा मोजताना गाडीचे वजन ॲक्सलवरच असले पाहिजे. चॅसिसला जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवले तर माप फसवे येते. ब्रेक ड्रमच्या ज्या पृष्ठभागावर चाक टेकते, तेथून आत पाट्यापर्यंत आणि बाहेर कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे घ्यावे. हातांनी जुळवलेल्या या गाड्यांत डावे-उजवे माप क्वचितच सारखे भरते.

चाकाची आतली कड त्या पृष्ठभागापासून जितकी आत जाते, त्या अंतराला बॅकस्पेसिंग म्हणतात. रुंदीपेक्षा निर्णायक तेच. ८ इंची चाक कडांसह सुमारे ९ इंच भरते. बॅकस्पेसिंग साडेचार इंच असेल तर ते मध्यावर बसते. त्यावर २४५/६० आर १५ मापाचा टायर चढवला, की तो दोन्ही बाजूंना सुमारे १२२ मिलिमीटर जागा घेतो. बॅकस्पेसिंग पाऊण इंचाने कमी केले, तर आत १०३ आणि बाहेर १४१ मिलिमीटर लागतात. म्हणजे कडेशी गाठ. वळणावर रबरी बुश दबून ॲक्सल बाजूला सरकते, खड्ड्यात वर उचलले जाते. म्हणून दोन्हीकडे किमान अर्धा इंच मोकळा हवाच. घासणारी कड टायरची बगल हळूहळू चिरते, आणि तो फुटतो तो बहुधा वेगात.

व्यास वाढला की स्पीडोमीटर वेग कमी दाखवतो: २६ऐवजी २७ इंची टायर असेल, तर काटा ६० मैलांवर असताना गाडी ६२ ओलांडते. पकड वाढली की भार मागे सरकतो. १९६७च्या गाडीत प्रत्येक बाजूला एकच पाटा होता आणि जोरात निघताना ॲक्सल उड्या मारीत असे; १९६८मध्ये अधिक शक्तिशाली प्रकारांना अनेक पाटे आणि पुढे-मागे बसवलेले शॉकॲब्सॉर्बर मिळाले.

याहून रुंद टायर हवा असेल, तर कड गुंडाळणे, आतला पत्रा कापून आत सरकवणे किंवा ॲक्सल आखूड करणे हेच मार्ग उरतात. त्यांपैकी पत्रा कापणे सहज उलटवता येत नाही, आणि मूळ क्वार्टर पॅनल शाबूत असलेल्या गाडीला संग्राहक अधिक किंमत देतात.